बिघडलं तर रात्री दोनला फोन कोण उचलणार? कॉस्मेटिक सर्जरीला होकार देण्याआधी

मागच्या वर्षीच्या चवथीला माझी भाची गोव्यात फोंड्याला माझ्याकडे आली ती मोबाईल पुढे धरूनच. मी माटोळीला, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला, सुपाऱ्यांचा घोस बांधत होते. "मावशी, हे बघ ना. नाकाची सर्जरी, आजच बुक केलं तर निम्म्या पैशात." रीलमध्ये एका मुलीचं आधीचं नाक, मग नंतरचं नाक, मागे गाणं. भाचीचं लग्न वैशाखात ठरलेलं.

मी २२ वर्षं सर्जरीच्या वॉर्डात आणि ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, सिस्टर म्हणून काढली. कॉस्मेटिक सर्जरीला माझा विरोध नाही. छान झालेली नाकं पाहिली आहेत, आणि पोट आवरल्यावर ताठ चालायला लागलेल्या बायकाही. पण तिला मी एवढंच विचारलं, "बिघडलं तर रात्री दोनला फोन कोण उचलणार?" ती गप्प झाली. पुढचे काही दिवस आम्ही दोघींनी मिळून जे शोधलं, विचारलं, तपासलं, ते इथे क्रमाने मांडते.

पहिली पायरी: मोबाईल ठेवा, आरसा घ्या

सेल्फीतलं नाक खरं नसतं. एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं, हे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गणिताने दाखवलं. कॅमेऱ्याच्या जवळ जे असतं ते फुगतं, इतकी साधी गोष्ट. तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी पाच-सहा फुटांवरून, खिडकीच्या उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढायला सांगा. निम्म्या तक्रारी इथेच विरतात, असा माझा अनुभव.

उरलेली तक्रार कागदावर एका वाक्यात लिहा. ‘सुंदर दिसायचंय’ हे वाक्य सर्जनच्या उपयोगाचं नाही. ‘बाजूने पाहिलं की नाकाचा उंचवटा दिसतो, तो कमी हवाय’ हे उपयोगाचं. आणि खाली लिहा, हे कुणाला हवंय? मला, होणाऱ्या सासूला, की स्थळ बघायला आलेल्या आत्याबाईंना?

दिवसातले तासन्‌तास दिसण्यातल्या एकाच खोडीचा विचार, आरशापुढून हलवत नाही किंवा आरशाचीच भीती, आणि ती खोड बाकी कुणाला दिसतच नाही, असं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. अशा माणसाचं नाक कितीही चांगलं झालं तरी समाधान होत नाही, मन हनुवटीवर जाऊन बसतं. चांगला सर्जन हे ओळखतो आणि सुरी हातात घेत नाही.

तारखेचा विचारही इथेच करा. नाकाची मोठी सूज काही आठवड्यांत उतरते, पण शेंड्याची बारीक सूज जायला वर्षभर लागू शकतं. म्हणजे वैशाखातल्या लग्नासाठी मार्गशीर्षात नाक करायचं हा बेतच चुकीचा. शिवाय नथ!

दुसरी पायरी: कशाला काय म्हणतात

सुरुवात इंजेक्शनांपासून करते, कारण ‘ते काय, सर्जरी थोडीच आहे’ असं म्हणत लोक इथेच बेफिकीर होतात.

बोटॉक्स स्नायू सैल करतं. कपाळावरच्या, भुवयांमधल्या आठ्या कमी होतात. परिणाम दिसायला काही दिवस लागतात, टिकतो साधारण तीन-चार महिने. चुकलं तर पापणी उतरते, तीही काही आठवड्यांनी सावरते. फिलरची गोष्ट वेगळी. हायलुरॉनिक ॲसिडचं जेल त्वचेखाली भरतात. ओठ, गाल, नाकाचा दांडा. टिकतं सहा महिने ते दीड वर्ष. पण जेल चुकून धमनीत गेलं तर रक्तपुरवठा अडतो. कातडी आधी पांढरी पडते, मग जाळीसारखी निळसर होते, भयंकर दुखतं आणि तो भाग मरू शकतो. नाक आणि भुवयांमधल्या जागेच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात, त्यामुळे दृष्टी गेल्याची उदाहरणं आहेत, आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. ‘सर्जरीशिवाय पंधरा मिनिटांत सरळ नाक’ या जाहिरातीत सुई नेमकी याच जागी जाते.

याला उतारा आहे: हायलुरॉनिडेझ नावाचं औषध ते जेल विरघळवतं. ते त्याच खोलीत, त्याच क्षणी हाताशी असावं लागतं. म्हणून फिलर घेण्याआधी सरळ विचारा, "हायलुरॉनिडेझची व्हायल दाखवता का?" ज्यांच्याकडे असते ते फ्रिज उघडून दाखवतात. ज्यांच्याकडे नसते ते हसतात. हसले तर उठा. कायमस्वरूपी फिलर किंवा द्रवरूप सिलिकॉन विरघळत नाही, त्याच्या वाटेलाच जाऊ नका. पार्लरमध्ये बोटॉक्स किंवा फिलर अजिबात नको, मग ताई कितीही ओळखीची असो. गोरं करणारी ग्लुटाथिओनची सलाईनं त्याच माळेतली. आणि शेजारणीने सांगितलेली, स्टेरॉइड असलेली ‘गोरेपणाची ट्यूब’ महिनोन्‌महिने लावून चेहरा लाल, पातळ, केसाळ झालेल्या मुली मी मोजायच्या सोडून दिल्या.

लेझरबद्दल दोनच गोष्टी. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर चुकीच्या सेटिंगने भाजतं आणि काळे डाग महिने-महिने राहतात. समुद्रावर उन्हात रापून आल्याआल्या तर लेझर नकोच. आणि तीळ लेझरने जाळण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कारण जळालेल्या तिळाची बायोप्सी करता येत नाही.

केसांचं प्रत्यारोपण म्हणजे डोक्याच्या मागचे केस काढून पुढे लावणं. मागचा साठा मर्यादित असतो, तो पंचविशीतच उधळला तर चाळिशीत हाताशी काही उरत नाही. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, घाबरायचं नाही. नवे तीन-चार महिन्यांनी दिसू लागतात, पूर्ण निकाल वर्षाने. इथली खरी अडचण म्हणजे डॉक्टर सही करून जातात आणि काम टेक्निशियन करतो. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला सांगावं लागलं की व्हिडिओ बघून किंवा वर्कशॉपला हजेरी लावून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही. भूल फक्त त्या जागेपुरती असली तरी तिचाही डोस मोजावा लागतो; जास्त झाला तर फिट येते, हृदय थांबू शकतं.

आता नाक. हे आपल्या घरचं ज्ञान आहे, हे सांगायचा मोह आवरत नाही. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला पुण्याजवळ एका विटा बनवणाऱ्या जातीतल्या वैद्याने कपाळाच्या कातडीतून नवं नाक करून दिलं. ती हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि युरोपातले सर्जन ते शिकायला लागले. आजची राइनोप्लास्टी बरीच पुढे गेली आहे, पण एक गोष्ट तेव्हाचीच: नाक श्वासासाठी आहे. आतला पडदा वाकडा असेल तर त्याचा विचार न करता बाहेरून कोरलेलं नाक दिसायला देखणं आणि रात्री बंद. पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाणही नाकात बऱ्यापैकी असतं, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड.

लायपोसक्शनवर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच. हा वजन कमी करायचा उपाय नाही. वजन आटोक्यात आहे, पण कंबरेची किंवा मांडीची एक वळकटी काही केल्या हटत नाही, कातडी घट्ट आहे, अशा माणसासाठी ते आहे. आधी मिठाचं पाणी, भूल आणि ॲड्रेनॅलिन यांचं मिश्रण चरबीत भरतात, मग नळीने चरबी ओढतात. एका बैठकीत पाच लिटरपेक्षा जास्त ओढणं हे मोठं ऑपरेशन मानतात. त्याला रात्रभर देखरेख हवी. कुणी ‘आठ लिटर काढून संध्याकाळी घरी’ म्हणालं तर चपला घाला. धोके: खाच-खळगे, पाणी साठणं, कातडी बधिर होणं; आणि क्वचित पण जीवघेणे असे तीन, पायात रक्ताची गाठ होऊन फुप्फुसात जाणं, चरबीचे कण रक्तात जाणं, नळीने आतडं भोसकणं. मे २०२२ मध्ये बंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका तरुण अभिनेत्रीचा मृत्यू झाला, ती बातमी अनेकांना आठवत असेल. काढलेली चरबी नितंबांत भरतात ते तर कॉस्मेटिक सर्जरीतलं सगळ्यात धोक्याचं; चरबी स्नायूत गेली की तिथल्या मोठ्या शिरांतून थेट हृदय-फुप्फुसांकडे जाते.

बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू दुभंगले असतील तर लायपोचा उपयोग नाही, तिथे टमी टक, म्हणजे सैल कातडी काढून आतले स्नायू शिवून घ्यायचं ऑपरेशन. कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत व्रण राहतो, लपतो पण जात नाही. आणखी मूल हवं असेल तर आधी ते. स्तनांचे इम्प्लांट आयुष्यभराचे नसतात, पुढे कधीतरी काढावे किंवा बदलावे लागतात. भोवती आवरण घट्ट होणं, फुटणं हे होतं. खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटचा लिम्फोमा या कर्करोगाच्या एका दुर्मीळ प्रकाराशी संबंध आढळल्याने २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीने ते जगभरातून परत घेतले. म्हणून इम्प्लांटचं कार्ड, त्यावरचा अनुक्रमांक, घरच्या दागिन्यांसारखं जपा. पुरुषांच्या छातीच्या वाढीसाठी आधी हार्मोनच्या तपासण्या करा, आणि जिममध्ये काय टोचून घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा.

तिसरी पायरी: हात कुणाचा

पाटीवरचं ‘कॉस्मेटिक सर्जन’ हे शब्द वाचू नका, पदवी वाचा. प्लास्टिक सर्जनची पदवी एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी. सुई, लेझर आणि केसांसाठी एमडी त्वचारोग चालतील. नाकाच्या कामासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ, पापण्यांसाठी त्या कामाचे नेत्रतज्ज्ञ, आपापल्या हद्दीत. भिंतीवर फ्रेम केलेले चार दिवसांच्या कोर्सचे दाखले शोभेचे. नाव आणि नोंदणी क्रमांक गोवा मेडिकल कौन्सिलकडे किंवा राष्ट्रीय आयोगाच्या ऑनलाइन नोंदवहीत तपासता येतो. पाच मिनिटांचं काम. बाहेरगावाहून महिन्यातून एकदा येणारे डॉक्टर असतील तर त्यांच्या गैरहजेरीत तुम्हाला कोण बघणार, हे नावानिशी विचारा.

जाहिरातीबद्दलही एक कळून घ्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेत रुग्णांना आकर्षित करण्यासाठी जाहिरातबाजी करायला मनाई आहे. ‘आजच बुक करा, निम्मे पैसे’ म्हणणारा तो नियम पाळत नाही. मग आणखी कुठले पाळत नसेल?

चौथी पायरी: जागा बघून या

मी असते तर आधी ओटी बघायला मागितली असती. आत नेणार नाहीतच, आणि नेऊही नये, पण दारापर्यंत जाता येतं. सीलिंग फॅन फिरत असलेली ‘ओटी’ मी स्वतः पाहिली आहे. फॅनवरची धूळ जखमेत. पूर्ण भूल किंवा झोपेचं इंजेक्शन देणार असतील तर वेगळा भूलतज्ज्ञ हवाच, सर्जनने स्वतःच द्यायची नाही. ऑक्सिजन, मॉनिटर, सक्शन, हृदय सुरू करायचं डिफिब्रिलेटर आहे का? वीज गेली तर जनरेटर? पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते ते सांगायला नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आयसीयू नसेल तर कुठे हलवणार, किती मिनिटांत, त्या हॉस्पिटलशी बोलणं आधीच झालंय का? ‘वेळ आली तर गोमेकॉ आहे ना’ (म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज) हे उत्तर ऐकलं तर समजा की त्यांनी काही ठरवलेलंच नाही. बांबोळी सगळ्यांची आहे, पण वाळपईहून किंवा काणकोणाहून ती किती लांब, हे तिथल्या माणसाला विचारा.

पाचवी पायरी: बोलणी, कागद, पैसे

पहिल्या भेटीत ॲडव्हान्स देऊ नका. कागद-पेन घेऊन जा, सोबत घरचं एक शांत डोक्याचं माणूस. विचारा: हे ऑपरेशन महिन्यात किती करता? माझ्यासारख्या त्वचेचे, माझ्या वयाचे फोटो दाखवा, वर्षानंतरचेही. केलॉइड, म्हणजे व्रणावर वाढत जाणारी जाड गाठ, झालं तर काय? कान टोचल्यावर किंवा देवीच्या लसीच्या व्रणावर कधी गाठ आली असेल तर हे आधी सांगायलाच हवं, आपल्या त्वचेत केलॉइडची प्रवृत्ती जास्त. बिघडलं तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार, सर्जनची फी, ओटीची, भुलीची, वेगवेगळी?

संमतिपत्र घरी न्या, रात्री जेवून झाल्यावर वाचा. कोऱ्या जागा भरल्याशिवाय सही नको. ठरलेल्यापेक्षा जास्त काही करायचं तर वेगळी संमती लागते. ‘आत गेल्यावर दिसलं म्हणून केलं’ हे जीव वाचवण्याची वेळ सोडली तर चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलंय. फोटो जाहिरातीत वापरण्याला संमती वेगळ्या ओळीत असते, ती खोडायचा तुमचा हक्क आहे.

विमा कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला पैसे देत नाही. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेली वैद्यकीय गरज असेल तरच. आरोग्यसेवेला असलेली जीएसटीची सूटही कॉस्मेटिक सर्जरी आणि हेअर ट्रान्सप्लांटला नाही, त्यामुळे सांगितलेली रक्कम करासकट की कराविना, ते लिहून घ्या. जन्मजात दुभंगलेला ओठ, भाजलेला हात हे कॉस्मेटिक नव्हे. त्यासाठी आधी बांबोळीला जा.

सहावी पायरी: आधीचा महिना

सिगारेट, तंबाखू, गुटखा किमान चार आठवडे आधी बंद, नंतरही तेवढेच. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि टमी टकमध्ये कातडीची कड काळी पडून सडते. मी ते ड्रेसिंग बदललंय, वास अजून आठवतो. ॲस्पिरिन, रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःहून थांबवू नका, स्वतःहून चालूही ठेवू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. गर्भनिरोधक गोळ्या, लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल, काढे, सगळं यादीत लिहा. हल्लीची वजन कमी करायची इंजेक्शनं घेत असाल तर भूलतज्ज्ञांना सांगाच. त्यांनी पोट हळू रिकामं होतं.

आणि उपाशी म्हणजे उपाशी. हलकं खाणंही किमान सहा तास आधी बंद, तळलेलं-जड असेल तर आठ तास, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत, डॉक्टर वेगळं सांगतील तर तसं. एका वहिनींनी टेबलावर झोपल्यावर, हाताला सुई लागलेली असताना, हळूच सांगितलं, "सिस्टर, पहाटे चहात बुडवून अर्धा उंडो खाल्ला. सासूबाई म्हणाल्या, उपाशी जाऊ नको." (उंडो म्हणजे आमच्याकडचा गोल पाव.) ऑपरेशन रद्द झालं, सर्जन वैतागले, सासूबाई रुसल्या. त्या वहिनी आजही भेटतात. भुलेत उलटी फुप्फुसात गेली असती तर भेटल्या नसत्या.

सातवी पायरी: नंतर

पहिले दोन दिवस घरात जागतं माणूस हवं. पहिल्याच संध्याकाळी, दुखलं तरी, चार पावलं चालायचं. पायात गाठ होऊ नये म्हणून. पेज, साधं हुमण (माशाची आमटी) चालेल; खारवलेली मासळी आणि लोणचं नको कारण मिठाने सूज धरते. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) असेल तर त्यातलं पाणी किती मिली, रंग कसा, वहीत लिहा. लायपोनंतरचा घट्ट गारमेंट चार ते सहा आठवडे दिवसरात्र. आता हा गारमेंट आपल्या जूनच्या दमटपणात घालून बघा! घामोळं, नायटा, सगळं येतं. म्हणून मोठ्या ऑपरेशनसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे, आणि दोन गारमेंट आधीच घ्या, एक धुवायला. व्रणावर ऊन नको, समुद्राचं आणि पूलचं पाणी जखम पूर्ण भरेपर्यंत नको. स्वस्त पडतं म्हणून मुंबई-बंगळुरूला जाऊन तिसऱ्या दिवशी रात्रीच्या बसने परतणारे असतात. तास न्‌ तास पाय खाली सोडून बसणं म्हणजे गाठीला आमंत्रण.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येतं. सूज सगळ्यात जास्त, चेहरा ओळखू येत नाही, ‘हे मी काय करून बसले’ असं वाटतं. बहुतेकांना होतं, ओसरतं.

पण हे ओसरायची वाट बघू नका: धाप, छातीत दुखणं, एकच पोटरी सुजून दुखणं, एका बाजूला अचानक कडक फुगवटा, घाण वासाचा स्राव, थंडी वाजून ताप, पोटात वाढती कळ, नजरेत फरक, बडबड. सर्जनला फोन, आणि धाप किंवा छातीचं असेल तर आधी १०८.

बिघडलंच तर पहिलं काम, कागद. मागितल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्यायला डॉक्टर बांधील आहेत. रोज त्याच उजेडात फोटो काढा. दुसऱ्या सर्जनचं मत घ्या, पण घाईत दुरुस्ती करून घेऊ नका. व्रण मऊ व्हायला महिने लागतात. तक्रार गोवा मेडिकल कौन्सिलकडे करता येते, आणि नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे, साधारण दोन वर्षांच्या आत. निकाल मनासारखा नाही म्हणजे हलगर्जीपणा झालाच असं नव्हे, हेही वकील पहिल्याच दिवशी सांगतील.

भाचीने तीन ठिकाणी फोन लावले. रीलवाल्यांकडे तिने रात्री दोनचा प्रश्न विचारला तेव्हा तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे असं काही होतच नाही." तिसऱ्या ठिकाणचे सर्जन पोक्त होते. त्यांनी नाकात उजेड टाकून बघितलं, पडदा उजवीकडे वाकलाय म्हणाले, आणि काय जमणार नाही तेच आधी सांगितलं. स्वतःचा मोबाईल नंबर पावतीच्या मागे लिहून दिला. लग्नाआधी मात्र हात लावणार नाही म्हणाले.

वैशाखात तिने त्याच नाकात आजीची नथ घातली. सर्जरी मार्गशीर्षात आहे. नंबर लिहिलेली ती पावती सध्या माझ्या फ्रिजला चिकटवलेली आहे, आणि आदल्या रात्री सासरी कुणी उंडो खायला घालू नये म्हणून ती माझ्याकडेच राहायला येणार आहे.